साभार परतीनंतर

१९६९ साली मुंबईत काही तरुण लेखक-कवींनी ‘सत्यकथा’ या मासिकाची जाहीर होळी केली. लघुनियतकालिकांच्या चळवळीची गोष्ट सांगताना हा प्रसंग हटकून येतो आणि बहुतेक वेळा गोष्ट तिथेच संपते. एका बाजूला प्रस्थापित, सोवळं, ‘साभार परत’ करणारं मासिक. दुसऱ्या बाजूला दारात अडवलेली, चिडलेली नवी पोरं. पोरांनी अंक जाळला, दार तुटलं, मराठी साहित्य मोकळं झालं.

गोष्ट ऐकायला छान आहे, पण तिच्यातली एक बाब सहज निसटते. ‘सत्यकथे’विरुद्ध उभे राहिलेले हे लोक स्वतःही संपादक होते. राजा ढाले ‘येरू’ काढत होते, अशोक शहाणे यांनी ‘असो’ काढलं होतं, भालचंद्र नेमाडे औरंगाबादेत ‘वाचा’ चालवत होते. त्यांना संपादकच नको होता असं मानलं, तर उमेदीची वर्षं त्यांनी संपादन करण्यात का घालवली?

मी स्वतः एक छोटं नियतकालिक चालवतो, म्हणून हा प्रश्न मला जवळचा वाटतो. आज लिहिणाऱ्याला संपादकाची गरज उरलेली नाही. कविता फोनवर लिहिली की मिनिटभरात ती शेकडो लोकांसमोर जाते. मग मधे कुणी बसायचं तरी कशाला? त्याचं उत्तर शोधायचं तर त्या होळीच्या बरंच मागे आणि थोडं पुढेही जावं लागतं.

एकहाती संसार

मराठीतलं छोटं मासिक बहुधा एका माणसाच्या हट्टातून जन्मलं आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जानेवारी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली. सात वर्षांत ८४ अंक निघाले आणि त्यातला जवळजवळ सगळा मजकूर त्यांनीच लिहिला. लेखकही तेच आणि संपादकही तेच. आजच्या भाषेत सांगायचं तर हा एका माणसाचा ब्लॉग होता, फक्त तो छापायला खिळे जुळवावे लागत आणि पोचवायला टपाल लागे.

दुसऱ्यांचं लिखाण घेऊन संसार थाटणारेही होते. जळगावच्या नारायण नरसिंह फडणीसांनी १८८७ मध्ये ‘काव्यरत्नावली’ सुरू केलं. हे मासिक फक्त कवितेला वाहिलेलं होतं आणि पुण्या-मुंबईपासून दूर, खानदेशातून निघत होतं. ते १९३५ पर्यंत चाललं. केवळ कविता छापून जवळपास पन्नास वर्षं काढणं आजही कुणाला जमेल असं वाटत नाही. १९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरलं, त्यातही फडणीसांचा पुढाकार होता. त्या संमेलनात त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाला ‘बालकवी’ ही उपाधी मिळाली. पुढे सगळा महाराष्ट्र त्याला त्याच नावानं ओळखू लागला.

मुंबईत काशिनाथ रघुनाथ आजगावकर यांनी १८९५ मध्ये ‘मासिक मनोरंजन’ काढलं. हे गृहस्थ बंगाली साहित्याचे इतके भक्त की त्यांनी ‘मित्र’ हे बंगाली आडनावच घेतलं. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. आपण दरवर्षी ज्या दिवाळी अंकांची वाट पाहतो, त्या परंपरेची सुरुवात इथून मानतात. एका मासिकाच्या संपादकाला सुचलेली ही कल्पना शंभर वर्षांहून अधिक काळ मराठी लेखकांना लिहितं ठेवते आहे.

या संपादकांचं रोजचं काम मात्र फारसं साहित्यिक नव्हतं. मजकूर वाचायचा, निवडायचा, लेखकाला पत्र घालायचं, छापखान्यातून आलेली मुद्रितं तपासायची, अंकांना रॅपर गुंडाळायची, पत्ते लिहायचे, वर्गणी थकवलेल्यांना आठवण करायची. व्ही.पी.नं पाठवलेला अंक वाचकानं सोडवून घेतला नाही की जाण्या-येण्याचं टपाल संपादकाच्या खिशातून जाई.

बडोद्याचं ‘अभिरुचि’

लघुनियतकालिकांची वंशावळ साधारणपणे साठच्या दशकापासून सांगतात. तिचं एक मूळ मात्र महाराष्ट्राबाहेर, बडोद्यात आहे. सयाजीरावांच्या या नगरीत मराठी वाचकांची मोठी वस्ती होती. तिथे १९४३ मध्ये पु. आ. चित्रे यांनी ‘अभिरुचि’ सुरू केलं. दुसरं महायुद्ध चालू होतं, कागदाची टंचाई होती. मासिक सुरू करायला यापेक्षा वाईट वेळ शोधून सापडली नसती.

तरीही ‘अभिरुचि’त जे आलं ते थक्क करणारं आहे. मर्ढेकर, पु. शि. रेगे, गंगाधर गाडगीळ यांचं नवं लेखन तिथे आलं. पु. ल. देशपांडे यांचं ‘भैय्या नागपूरकर’ हे व्यक्तिचित्र आणि व्यंकटेश माडगूळकरांची ‘काळ्या तोंडाची’ ही कथासुद्धा ‘अभिरुचि’तच आली. मं. वि. राजाध्यक्ष ‘निषाद’ या टोपणनावानं तिथे ‘वाद-संवाद’ हे सदर लिहीत.

नावं आज मोठी वाटतात, कारण आपल्याला पुढचं माहीत आहे. पण १९४३ साली यांतले बरेच जण नवखे होते. आपल्याला आवडलेलं लिखाण आधी कुणीच नावाजलेलं नसताना त्याला पानं द्यायची, तीही रेशनवर मिळणाऱ्या कागदाची, हा जुगार संपादकानं खेळायचा असतो. चित्रे तो खेळले.

त्या घरात १९३८ मध्ये जन्मलेला एक मुलगा कवितांची हस्तलिखितं, मुद्रितं आणि घरी येणारे लेखक बघत वाढत होता. त्याचं नाव दिलीप. १९५१ मध्ये हे कुटुंब मुंबईला आलं.

खटाववाडीतलं टेबल

मुंबईत तेव्हा साहित्याचं केंद्र गिरगावात होतं. १९३३ मध्ये सुरू झालेलं ‘सत्यकथा’ खटाववाडीतून निघायचं. श्री. पु. भागवत आणि पुढे राम पटवर्धन यांनी त्याला जो आकार दिला, त्याला मराठीत तोड नाही. गाडगीळ, अरविंद गोखले, माडगूळकर यांची नवकथा, करंदीकर-पाडगावकरांची कविता, जी. ए. कुलकर्णी यांच्या कथा, आरती प्रभू, ग्रेस ही सगळी माणसं या टेबलावरून गेली.

या टेबलावर नेमकं काय व्हायचं? हस्तलिखित यायचं, ते खरोखर वाचलं जायचं आणि लेखकाला पत्र जायचं. कथा कुठे सैल पडते, शेवट का पटत नाही, एखादं पात्र मधेच का विरून जातं, हे त्या पत्रात असायचं. लेखक पुन्हा लिहायचा, कधी भांडायचा, कधी ऐकायचा. श्री. पुं.चा आणि पटवर्धनांचा लेखकांशी झालेला पत्रव्यवहार त्यासाठीच प्रसिद्ध आहे. शिवाय मौजेचा छापखाना घरचा होता. मुद्रितशोधनाचा त्यांचा काटेकोरपणा मराठी प्रकाशनात दाखला म्हणून सांगितला जाई.

हे झालं आत शिरलेल्यांचं. बाहेरच्यांसाठी खटाववाडी म्हणजे तिकिटं लावलेलं, स्वतःच्याच अक्षरात पत्ता लिहिलेलं पाकीट परत येणं. आत ‘साभार परत’. का परत, ते बहुतेक वेळा कळायचं नाही. एकच मासिक एवढं वजनदार झालं, की त्याची नापसंती हा एका संपादकाचा अभिप्राय राहत नाही, तो साहित्याचाच निकाल वाटू लागतो.

मेणकागदावरची कविता

१९५४ मध्ये दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ आणि त्यांच्या मित्रांनी ‘शब्द’ सुरू केलं. चित्रे तेव्हा सोळा वर्षांच्या आसपास होते, कोलटकर बाविशीच्या. छापखान्याचा खर्च परवडणं शक्यच नव्हतं. ‘शब्द’ सायक्लोस्टाइल केलेलं होतं.

सायक्लोस्टाइल आजच्या वाचकांनी बहुधा पाहिलेलं नसेल. मेणाचा पातळ थर दिलेला कागद म्हणजे स्टेन्सिल. टाइपरायटरची फीत बाजूला करून त्यावर अक्षरं ठोकायची किंवा टोकदार लेखणीनं हातानं कोरायची. जिथे मेण निघालं तिथून शाई झिरपते. स्टेन्सिल यंत्राच्या रुळावर चढवायची, हँडल फिरवायचं आणि एकेक प्रत काढायची. शाळांच्या प्रश्नपत्रिका आणि कचेऱ्यांची परिपत्रकं अशीच निघत. चूक झाली तर त्या जागी द्रव लावून ती बुजवायची, वाळू द्यायचं आणि त्यावर पुन्हा टाइप करायचं. काही शे प्रतींनंतर स्टेन्सिल फाटू लागे.

या यंत्रानं साहित्याला काही गोष्टी दिल्या. छापखान्यात कंपॉझिटर खिळे जुळवायचा, तेव्हा प्रत्येक ओळीचे आणि प्रत्येक फर्म्याचे पैसे मोजावे लागत. कवितेच्या भोवतीची कोरी जागासुद्धा फुकट नसे. स्टेन्सिलवर ओळ कुठे तोडायची, किती जागा सोडायची, हे कवी स्वतः ठरवू शकत होता. कुणाची परवानगी नको, कुणाचं भांडवल नको. पण चूक दुरुस्त करणं जिकिरीचं असल्यामुळे टाइप करण्याआधी मजकूर पक्का करावा लागे. स्वस्त यंत्र हाताशी आलं म्हणून काळजी घेण्याची गरज काही संपली नाही.

अनियत म्हणजे काय

साठच्या दशकात अशा अंकांची रांग लागली. १९६३ मध्ये अशोक शहाणे यांचा ‘आजकालच्या मराठी वाङ्मयावर क्ष-किरण’ हा लेख आला आणि त्यानं प्रतिष्ठित लेखकांची झोप उडवली. त्याच वर्षी नेमाड्यांची ‘कोसला’ आली. तीत पंचवीस वर्षांच्या लेखकानं बोलीभाषेत सगळी कादंबरी सांगितली होती. ‘असो’, ‘वाचा’, ‘फक्त’, ‘येरू’, ‘भारुड’ ही अंकांची नावंच पुरेशी बोलकी होती. ‘असो’ म्हणजे जाऊ दे, पुढे चला. ‘वाचा’ म्हणजे आज्ञा आणि वाणी दोन्ही.

या मंडळींनी आपल्या अंकांना अनियतकालिकं म्हटलं. त्यात थट्टा होती आणि हिशेबही होता. वेळेवर निघणाऱ्या, नोंदणी झालेल्या नियतकालिकाला टपालात सवलत मिळते. त्यासाठी नेमानं अंक काढावा लागतो, आणि नेम पाळायचा म्हणून पानं भरावी लागतात. अनियतकालिकानं ती सवलत सोडली आणि त्या बदल्यात नको तेव्हा न निघण्याचा हक्क मिळवला. छापण्याजोगं काही असेल तेव्हाच अंक काढायचा, ही संपादकाची सर्वांत कडक भूमिका म्हणायला हवी.

तिची किंमतही होती. पैसे संपले की अंक बंद. संपादकाची नोकरी बदलली की अंक बंद. प्रती मोजक्या असल्यामुळे कित्येक अंक ग्रंथालयांत पोचलेच नाहीत. कोलटकरांच्या इंग्रजी ‘जेजुरी’ची गोष्ट याच जगातली आहे. त्यातल्या एका कवितेचं आधीचं रूप ‘डायोनिसस’ नावाच्या अशाच एका अनियमित मासिकात आलं होतं. पुढे ते मूळ हस्तलिखितही हरवलं आणि मासिकही. कोलटकरांनी सत्तरच्या दशकात त्या कविता पुन्हा लिहिल्या. १९७४ मध्ये त्या एका त्रैमासिकात आल्या, १९७६ मध्ये पुस्तक झालं आणि १९७७ मध्ये त्याला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. कोलटकर पुन्हा लिहायला बसले म्हणून ‘जेजुरी’ आपल्याकडे आहे. जे बसले नाहीत, त्यांचं काय गेलं हे आता कुणालाच कळणार नाही.

शुद्ध कुणाचं

‘सत्यकथे’च्या होळीमागे राजा ढाले यांचा ‘सत्यकथेची सत्यकथा’ हा लेख होता. ढाले आंबेडकरी चळवळीतून आलेले. १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळली गेली होती. ग्रंथ जाळण्याचा अर्थ काय होतो, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांचा वाद एखाद्या कवितेच्या साभार परतीपुरता नव्हता. चांगलं लिखाण म्हणजे काय, हे कोणत्या घरातून, कोणत्या वस्तीतून आणि कोणत्या जातीतून ठरतं, असा तो प्रश्न होता.

भाषेच्या बाबतीत हे स्पष्ट दिसतं. १९६२ मध्ये साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले, १९७२ मध्ये त्यात भर पडली. ‘केलं’, ‘गेलं’ अशी बोलीतली रूपं नियमांनी मुख्यतः पात्रांच्या तोंडी ठेवली. म्हणजे पात्रानं बोलीत बोलावं आणि लेखकानं मात्र नीटनेटकं लिहावं. पण लेखक स्वतःच त्या वस्तीतला असेल तर? १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला तेव्हा त्यातले कित्येक शब्द पांढरपेशा वाचकाला परके होते. ते अशुद्ध नव्हते. वाचकानं त्या गल्लीत कधी पाऊलच टाकलं नव्हतं. प्रस्तावना लिहिण्यासाठी विजय तेंडुलकर ढसाळांबरोबर त्या वस्तीत हिंडले. तिथे बदलायला हवा होता तो वाचणारा.

त्याच वर्षी ‘साधना’ साप्ताहिकाचा १५ ऑगस्टचा अंक अनिल अवचट यांनी संपादित केला. त्यात ढाल्यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख आला आणि महाराष्ट्रभर वादळ उठलं. ‘साधना’ साने गुरुजींनी सुरू केलेलं, सौम्य प्रकृतीचं साप्ताहिक. तो लेख छापणं म्हणजे आपल्याच वाचकांना दुखावणं होतं. संपादकानं दार उघडायचं म्हणजे काय, हे अशा वेळी कळतं. उघडलेल्या दारातून वारा आत येतो आणि तो पहिला संपादकाच्या तोंडावर बसतो.

दुसरा रस्ता औरंगाबादेत गंगाधर पानतावणे यांनी धरला. दलित साहित्याला वाहिलेलं त्यांचं त्रैमासिक १९६७-६८ च्या सुमारास सुरू झालं आणि ‘अस्मितादर्श’ या नावानं ओळखलं जाऊ लागलं. इतर अनियतकालिकं चार-सहा वर्षांत विझत असताना पानतावणे २०१८ मध्ये जाईपर्यंत ‘अस्मितादर्श’शी जोडलेले राहिले. पन्नास वर्षं! ते लेखक-वाचक मेळावे भरवत. घरात पहिल्यांदाच कुणीतरी शिकलेलं, पहिल्यांदाच कुणीतरी लिहू लागलेलं, अशा माणसाला नुसती छापील जागा पुरत नाही. ‘तुझं मी वाचलं, पुढचं कधी देतोस?’ असं विचारणारं कुणी लागतं. ‘अस्मितादर्श’नं ते केलं म्हणून एक अख्खी पिढी लिहिती राहिली.

‘प्रास’ची सव्वीस वर्षं

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. संपादकीय सत्तेविरुद्ध बंड करणाऱ्यांनी पुढे काय केलं?

अशोक शहाणे यांनी १९७६ मध्ये ‘प्रास प्रकाशन’ सुरू केलं. १९७७ मध्ये त्यांनी ‘अरुण कोलटकरच्या कविता’ काढलं. अक्षर कोणतं, ओळ कुठे तुटते, समास किती, कागद कसा, या प्रत्येक गोष्टीवर त्यात विचार केलेला दिसतो. कोलटकर व्यवसायानं जाहिरातक्षेत्रातले कलादिग्दर्शक होते. शहाणे मजकुराच्या बाबतीत कमालीचे चिकित्सक. ज्या पिढीनं मौजेच्या काटेकोरपणाची टिंगल केली, तिच्यातल्याच एकानं मौजेच्या तोडीचा काटेकोरपणा स्वतःच्या पुस्तकांत आणला.

आणि मग वाट पाहिली. कोलटकरांचा पुढचा मोठा मराठी संग्रह ‘भिजकी वही’ आला २००३ मध्ये. मधे सव्वीस वर्षं गेली. त्या काळात कवीचं नाव गाजत होतं, पुस्तकाला मागणी होती, पण कविता पुरी झालेली नव्हती. कुठल्या व्यवसायात असा संयम बसतो? २००४ मध्ये कोलटकर गेले. २००५ मध्ये ‘भिजकी वही’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

‘सत्यकथा’ त्याआधीच, ऑगस्ट १९८२ मध्ये बंद पडली होती. ती होळीनं मेली असं म्हणता येत नाही, होळीनंतर ती तेरा वर्षं निघत होती. साहित्याचं एकच केंद्र असण्याचा काळ मात्र ओसरला होता. औरंगाबादला, कोल्हापूरला, वस्त्यांत, महाविद्यालयांत नवी टेबलं मांडली गेली होती.

दार आणि टेबल

हा सगळा इतिहास पाहिला की संपादकाची दोन कामं वेगळी दिसू लागतात. एक दाराशी उभं राहण्याचं: कोण आत, कोण बाहेर. दुसरं टेबलाशी बसण्याचं: आत आलेलं लिखाण पुन्हा पुन्हा वाचणं, लेखकाला खरं सांगणं, शब्द आणि कागद सांभाळणं. ‘सत्यकथा’ जळली ती दारासाठी. टेबल कुणी जाळलं नाही. उलट ढाले, शहाणे, नेमाडे, पानतावणे या सगळ्यांनी स्वतःची टेबलं मांडली. ज्यांची टेबलं भक्कम होती, त्यांचं काम टिकलं.

फोननं दार काढून टाकलं हे फार चांगलं झालं. फडणीसांच्या काळात जळगावात किंवा ढाल्यांच्या काळात मुंबईच्या चाळीत ज्यांना पाकीट परत येण्याची भीती होती, ती आज कुणालाच उरलेली नाही. पण दाराबरोबर टेबलही गेलं आणि ते गेल्याचं फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही. आज कवितेला दोनशे लाइक मिळतात आणि तिची सातवी ओळ लंगडी आहे हे सांगणारं एकही माणूस मिळत नाही.

टेबल मांडायला परवाना लागत नाही, पूर्वीसारखा खर्चही येत नाही. तीन-चार जण पुरतात. ‘शब्द’ तेवढ्यांनीच काढला होता, आणि त्यातल्या एकाची तेव्हा धड मिसरूडही फुटली नसावी. एकमेकांचं लिखाण छापण्याआधी वाचायचं, पटलं नाही तर कारणासकट सांगायचं आणि ज्याचं परत पाठवलं त्याला पुढचं मागायचं. साभार परत करणं कुणालाही जमतं. त्यानंतर पत्र लिहावं लागतं, तिथून संपादन सुरू होतं.